कामाला आलेला पाहुणा

आमच्या घरी पाहुणा आला नाही असा महिना आम्हाला आठवत नाही. काचीगुडा स्टेशनपासून घर पायी दहा मिनिटांवर. त्यामुळे नांदेड-परभणीकडचे नातेवाईक, नातेवाइकांचे शेजारी आणि शेजाऱ्यांचे व्याही, सगळ्यांना आमचा पत्ता पाठ. 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि आमची माणसे इथेच राहिली. पण तिकडच्या लोकांची हैदराबादची कामे काही त्या वर्षी संपली नाहीत. कुणी उस्मानिया दवाखान्यात प्रकृती दाखवायला, कुणी बेगम बाजारात लग्नाची भांडी घ्यायला, कुणी कोठीवर जुनी पुस्तके शोधायला येत असे. आल्याबरोबर गरम पाणी, पिठले-भाकरी, आणि मग पाहुण्याबरोबर घरातले एक पोर वाट दाखवायला जाई. आमच्यापैकी एकाचे सारे बालपण ही वाट दाखवण्यात गेले.

आता येणारा पाहुणा वेगळा आहे. त्याच्या पाठीवर लॅपटॉपची बॅग असते, खिशात दोन फोन असतात आणि त्याचे काम सुलतान बाजारात किंवा बेगम बाजारात नसते. त्याला 'हायटेक सिटी'ला जायचे असते. आपल्या शाळेच्या अनेक पालकांच्या घरी असे पाहुणे येत असतील. काही पालकांची मुले त्याच भागात नोकरीला आहेत. म्हणून चार उपयोगाच्या गोष्टी लिहाव्यात असे वाटले. आमच्यापाशी हा अनुभव एका चुकीतून आला. ती चूक आधी सांगतो.

2022 च्या पावसाळ्यात आमचा भाचा नांदेडहून आला. त्याचा तिथे छोटा कारखाना आहे. विजेच्या पॅनेलसाठी लागणारे पत्र्याचे बॉक्स तो बनवतो. पत्रा कापायचे एक नवे यंत्र त्याने कर्ज काढून घेतले होते आणि त्या यंत्राला पुरेल एवढे काम गावात नव्हते. मोठमोठ्या इमारतींचे विजेचे काम घेणाऱ्या एका कंपनीने त्याला सकाळी अकराला भेटीला बोलावले होते. नमुन्याचा एक बॉक्स गोणपाटात गुंडाळून त्याने बरोबर आणला होता.

"मामा, हायटेक सिटीला किती वेळ लागेल?" त्याने विचारले. आमच्यापैकी एकाने घड्याळाकडे पाहून सांगितले, "अरे, पाऊण तास. रिक्षावाल्याला नुसते हायटेक सिटी म्हण, डोळे मिटून नेईल." दुसरीने मान डोलावली आणि म्हटले, "आधी दोन घास खाऊन घे. उपाशीपोटी कुठे जातोस?" गरम पोळ्या झाल्या, भात झाला, ताक झाले. साडेनऊ वाजून गेल्यावर तो निघाला.

पुढचे त्याने आम्हाला फार थोडक्यात सांगितले. लकडी का पूलपाशीच अर्धा तास गेला, वर पाऊस. माधापूरला पोहोचला तेव्हा कळले, की कंपनीचे त्या बाजूला दोन कार्यालये आहेत आणि आपले काम दुसऱ्या कार्यालयात, नानकरामगुड्याला आहे. तिथे गेला तर फाटकावर प्रश्न आला, कुणाला भेटायचे? हा म्हणाला, श्रीनिवास साहेबांना. रखवालदार हसला. त्या इमारतीत श्रीनिवास किती असतील! मग ओळखपत्र. आधार कार्डाचा फोटो फोनमध्ये होता, मूळ कार्ड आमच्या घरी दुसऱ्या बॅगेत. मग तो पत्र्याचा बॉक्स. आत नेणार, तर त्याचा कागद कुठे आहे? बाहेर आणताना हा तुमचाच, हे कशावरून? सगळे निस्तरून तो वर पोहोचला तेव्हा साडेबारा होत आले होते. साहेब दुसऱ्या बैठकीला गेले होते. निरोप होता, मेल पाठवा, कळवतो.

कळवले नाही. ते काम दुसऱ्या कुणाला मिळाले.

संध्याकाळी भाचा जेवायला बसला, भाजी छान झाली म्हणाला. आम्हाला मात्र घास उतरेना. त्याने दोष दिला असता तर बरे वाटले असते. रखवालदार आपले काम करत होता. साहेब दीड तास कुणासाठी थांबणार? चूक आमची होती. आम्ही जन्मभर या शहरात राहिलो या भरवशावर ज्या भागात कित्येक वर्षांत पाऊल टाकले नव्हते, त्या भागाचा सल्ला बिनधास्त देऊन मोकळे झालो. आणि वर जेवायला बसवून त्याचा तास घालवला.

पुढच्या शनिवारी आम्ही दोघे सकाळी घरातून निघालो आणि भाच्याच्या वाटेने स्वतः जाऊन आलो. वही बरोबर घेतली होती. नंतरही दोन-तीन वेळा गेलो. पुढे लिहिले आहे ते त्या वहीतले.

आमच्या लहानपणी गोवळकोंड्याच्या पलीकडे नुसते काळे-तांबडे प्रचंड खडक होते आणि मधून सीताफळीची झाडे. कुणी हैदराबाद विद्यापीठात शिकायला असेल तरच गच्चीबौलीचे नाव घरात निघे. नोव्हेंबर 1998 मध्ये सायबर टॉवर्सचे उद्घाटन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या हस्ते झाले, तेव्हा ती गोल इमारत बघायला आम्ही मुलांना घेऊन गेलो होतो. आमच्या डोक्यातली हायटेक सिटी ती एकच इमारत होती. आज माधापूर, कोंडापूर, रायदुर्ग, गच्चीबौली, नानकरामगुडा, फायनान्शियल डिस्ट्रिक्ट, कोकापेट असा तो सारा पट्टा झाला आहे आणि बाहेरचा माणूस या सगळ्याला सरसकट हायटेक सिटी म्हणतो. म्हणून पाहुण्याला पहिला प्रश्न विचारावा तो हा, की नेमकी जागा कोणती? कंपनीचे नाव पुरत नाही. एकाच कंपनीची दोन-तीन कार्यालये असतात. इमारतीचे नाव, ब्लॉक किंवा टॉवरचा क्रमांक, मजला आणि कोणत्या फाटकाने आत यायचे, एवढे आदल्या दिवशी विचारून घ्यावे. फोनवर नकाशाची खूण मागवून घेतली तर फारच उत्तम.

दुसरा प्रश्न, उतरायचे कुठे? नांदेडहून निजामाबादमार्गे येणाऱ्याला काचीगुडा किंवा सिकंदराबाद सोयीचे. पण पुणे-सोलापूरकडच्या आणि लातूर-उदगीर-बीदरकडच्या गाड्या विकाराबादवरून येतात आणि शहरात शिरण्याआधी त्यांना लिंगमपल्ली लागते. गाडी तिथे थांबत असेल तर पाहुण्याने तिथेच उतरावे. तिथून गच्चीबौली-कोंडापूर जवळ. नाहीतर माणूस नामपल्लीपर्यंत येतो आणि तेवढाच रस्ता पुन्हा उलटा जातो. आमच्याकडे वर्षानुवर्षे सोलापूरचे पाहुणे असेच येत-जात होते. हे सांगायचे आम्हाला सुचले नव्हते, कारण पाहुणा आधी घरी यावा हीच आमची इच्छा.

विमानाने येणाऱ्याचेही तसेच. जुन्या माणसांच्या मनात अजून बेगमपेटचा विमानतळ आहे. मार्च 2008 पासून विमाने शमशाबादला उतरतात. तिथून गच्चीबौली-माधापूरकडे बाहेरच्या वर्तुळाकार रस्त्याने जाता येते, शहरात यावेच लागत नाही. अंतर सुमारे 30 किलोमीटर. टॅक्सी परवडत नसेल त्याच्यासाठी राज्य परिवहनच्या 'पुष्पक' बसगाड्या आहेत.

शहरातून जायचे असेल तर आमचा सल्ला मेट्रोचा. हैदराबादची मेट्रो नोव्हेंबर 2017 मध्ये सुरू झाली आणि 2019 च्या अखेरीस रायदुर्गपर्यंत पोहोचली. आपल्या वस्तीतून जाणाऱ्याने सुलतान बाजारला बसायचे की कोठीजवळच्या उस्मानिया मेडिकल कॉलेज स्टेशनवर, हा प्रश्न येतो. सुलतान बाजार घरापासून जवळ, पण तिथून एमजीबीएसला एकदा आणि अमीरपेटला पुन्हा एकदा गाडी बदलावी लागते. उस्मानिया मेडिकल कॉलेजहून बसले तर फक्त अमीरपेटला बदलायचे. आम्ही दुसरा रस्ता घेतला. घराच्या दारापासून रायदुर्गच्या फलाटापर्यंत आम्हाला सव्वा तास लागला, आणि पाऊस असो की मोर्चा, वेळ साधारण तेवढाच राहतो. रायदुर्ग हे शेवटचे स्टेशन. नानकरामगुड्याकडे जायला पुढे रिक्षा किंवा टॅक्सी करावी लागते, त्याची अर्धा तास वेगळी धरावी. एक सावधगिरी अशी, की हायटेक सिटी नावाचे मेट्रोचे स्टेशन वेगळे आणि त्याच नावाचे लोकलचे स्टेशन वेगळे. दोन्ही एकमेकांपासून लांब आहेत. 'हायटेक सिटी स्टेशनवर उभा आहे' असे पाहुण्याने फोनवर सांगितले, तर कोणते ते विचारावे.

वेळेबद्दल आमचा हिशेब आता असा आहे. अकराची भेट असेल तर साडेदहाला फाटकावर उभे राहायचे. म्हणजे घरून साडेआठला निघायचे. दुपारची भेट असेल तर परतीचे तिकीट त्याच संध्याकाळचे काढू नये. पाचनंतर त्या भागातली सारी कार्यालये सुटू लागतात, आणि त्यातच पावसाची सर आली तर मोटारी जागच्या हलत नाहीत. काचीगुड्याला सात वाजता सुटणारी गाडी माधापुरात बसून चुकवलेले दोन पाहुणे आम्ही पाहिले आहेत.

आता फाटक. तिथे अपमान होतो असे अनेकांना वाटते. तो अपमान नसतो, ती पद्धत आहे, आणि ती ठाऊक असली की दहा मिनिटांत आत जाता येते. मूळ ओळखपत्र जवळ हवे. ज्यांना भेटायचे त्यांचे पूर्ण नाव, विभाग आणि मोबाइल क्रमांक हवा. तेलुगू नावात घराण्याचे नाव आधी येते आणि बहुतेक वेळा त्याचे नुसते आद्याक्षर लिहितात, म्हणून ते आद्याक्षर विसरू नये. शंभर श्रीनिवासांतला आपला श्रीनिवास त्यानेच ओळखू येतो. भेटीची नोंद त्यांच्याकडून आदल्या दिवशी करून घ्यावी, म्हणजे पास तयार असतो. लॅपटॉप असेल तर त्याचा क्रमांक लिहून घेतात. काही ठिकाणी पेन ड्राइव्ह बाहेर ठेवायला सांगतात, फोनच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावतात. वाद घालू नये. नमुन्याचा माल असेल तर आपल्या कारखान्याच्या नावाचे चलान दोन प्रतींत न्यावे, त्यावर 'नमुना, विक्रीसाठी नाही' असे लिहावे आणि आत जाताना एका प्रतीवर शिक्का घ्यावा. भाच्याचा अर्धा तास नेमका या कागदावाचून गेला.

भाषेची भीती बाळगू नये. कार्यालयात इंग्रजी आणि हिंदी चालते. पण दोन शब्द तेलुगू बोलले की समोरच्याचा चेहरा बदलतो, हे आपल्या शाळेतल्या मुलांना सांगायला नको. नावापुढे आपण 'राव' लावतो तसे इथे 'गारू' लावतात; राव गारू, लक्ष्मी गारू. रिक्षा थांबवायला 'इक्कड आपंडि', किती झाले विचारायला 'एंत'. दखनी तर आपल्या घरचीच. तिच्यातला 'नक्को' आपल्या 'नको'चा भाऊ, आणि 'अभीच', 'वोइच' यांच्या शेवटचा 'च' आपलाच. फक्त 'परसों' हा शब्द जपून घ्यावा. हैदराबादी माणसाचा परसों म्हणजे परवाचा दिवसही असतो आणि गेले वर्षही असते. "पैसे परसों मिलते" असे कुणी सांगितले तर तारीख विचारून घ्यावी.

दिनदर्शिकाही पाहावी. अनंत चतुर्दशीला हुसेन सागराकडे विसर्जनाची मिरवणूक जाते, त्या दिवशी कामाची भेट ठेवूच नये. संक्रांतीला शहर गावाकडे जाते, साहेब भेटत नाहीत. आपला गुढीपाडवा तो त्यांचा उगादी, त्या दिवशीही सुट्टीच. आणि ज्या कंपन्या अमेरिकेशी काम करतात, तिथे दिवस उशिरा सुरू होऊन रात्री उशिरा संपतो. सकाळी नऊची वेळ आपण होऊन मागू नये.

राहण्याविषयी लिहिताना आमचा हात जरा अडखळतो. सकाळची भेट असेल तर पाहुण्याने तिकडेच, गच्चीबौली किंवा कोंडापूरला, साध्या लॉजवर राहावे. हे आम्ही लिहीत आहोत, ज्यांच्या घरातून पाहुणा कधी लॉजवर गेला नाही! व्यावसायिकांसाठी एक बारीक सूचना. महाराष्ट्रात नोंदणी असलेल्या कारखान्याला तेलंगणातल्या हॉटेलच्या बिलावरचा जीएसटी परत मिळत नाही, कारण तो कर हॉटेल जिथे आहे त्या राज्याचा धरला जातो. तेव्हा खोलीचे भाडे ठरवताना तो खर्च धरूनच हिशेब करावा. बिल मात्र कारखान्याच्याच नावाने घ्यावे.

2023 च्या जानेवारीत, संक्रांत झाल्यावर, भाचा पुन्हा आला. कंपनी दुसरी होती. या वेळी त्याने आधी फोन केला आणि आम्ही वही उघडून बसलो. इमारत, ब्लॉक, फाटक, साहेबांचे आद्याक्षर, चलान, सगळे विचारले. शेवटी म्हटले, "तू आदल्या रात्री तिकडेच राहा. घरी येऊ नकोस." पलीकडे जरा शांतता होती. मग तो म्हणाला, "मामी रागावणार नाही ना?" मामी शेजारीच उभी होती. तिने फोन घेतला आणि सांगितले, "काम झाल्यावर ये. किती वाजता येशील तेव्हा ताट वाढते."

त्या रात्री आमच्या शहरात आमचा पाहुणा दुसरीकडे झोपला होता. हे आम्हाला सोपे गेले नाही. आमचे वडील असते तर त्यांनी आम्हाला घरात बोलू दिले नसते. पण विचार केला, की वडील तरी काय करत होते? पाहुण्याचे काम ज्या गल्लीत असेल त्या गल्लीपर्यंत ते घरातले पोर पाठवत होते. जेवण, अंथरूण हे त्या कामासाठी होते. आमच्या हातून पहिल्या वेळी नेमके उलटे झाले. आमच्या पाहुणचारापायी त्याचे काम मागे पडले.

दुसऱ्या दिवशी तो रात्री साडेआठला आला. हातात तो बॉक्स नव्हता. तो साहेबांनी ठेवून घेतला होता. पन्नास बॉक्सची ऑर्डर मिळाली होती. पन्नास म्हणजे काही फार नाहीत. यंत्राचा एक हप्ता जेमतेम निघतो. पण त्या रात्री तो दोन भाकऱ्या जास्त जेवला, आणि आम्हीही.

विद्यार्थी मित्रांनो, शेवटचे सांगणे तुम्हाला आहे. तुमच्यापैकी कित्येकांना आमच्याहून ते नवे शहर अधिक ठाऊक आहे. तुमचे दादा-ताई तिथे नोकरी करतात, तुम्ही मेट्रोने सहज जाता-येता. घरातले मोठे जेव्हा पाहुण्याला "पाऊण तासात पोहोचशील" असे सांगतील, तेव्हा गप्प बसू नका. फोनवर रस्ता पाहा आणि खरे सांगा. सुट्टी असेल तर पाहुण्याबरोबर रायदुर्गपर्यंत जा. फाटक लांबून पाहून या. तिथे उभ्या असलेल्या माणसाशी दखनीत दोन शब्द बोला, म्हणजे उद्या तुम्ही स्वतः मुलाखतीला जाल तेव्हा छातीत धडधडणार नाही. आणि पालकांना विनंती, की पाहुण्याचा फोन आला की जेवणाचे नंतर विचारा. आधी विचारा, भेट किती वाजता आणि कोणत्या फाटकाने.

आमची वही फोनच्या शेजारी टांगलेली आहे. ज्यांना उतरवून घ्यायची असेल त्यांनी संध्याकाळी अवश्य यावे. चहा होईलच.